पिवळं होईपर्यंत

कासेगावच्या बागेत सकाळी सहाला
थर्माकोलच्या पेटीत बर्फ घेऊन मी उतरते,
तेव्हा ब्लोअर नुकताच थांबलेला असतो.
वेलींवरून औषध ठिबकत असतं.
औषधच म्हणतात सगळे. मीही म्हणते.

मलकारी गेजगे बाही वर सारतो.
"कोडम मॅडम, किती काढालाव ओ?"
चहाचा चमचाही भरणार नाही, मी म्हणते.
मास्क त्याच्या गळ्यात, ताईतासारखा.
मी फॉर्म भरत जाते :
तंबाखू? नाही. दारू? बिरोबाची आण, नाही.
हात? साबणानं, कोपरापर्यंत.
जेवण? दोन कडक भाकरी, शेंगाचटणी.
झोप?
यावर तो नुसता हसतो.

दस्तगीर मुजावर त्याच टाकीतून, त्याच ओळीत,
तेवढीच आठ वर्षं.
दिवसाला दोन बंडल विडी.
पंपाची तोटी चोंदली की तोंड लावून फुंकतो.
फॉर्मवरच्या प्रत्येक नको त्या चौकटीत
त्याच्या नावाची खूण.

दुपारी सिव्हिलच्या मागच्या खोलीत
मी नळ्या ओळीनं लावते, थेंब सोडते
आणि थांबते.
पुस्तकात त्याला विकर म्हणतात.
ते कामावर असेल तर द्रावण पिवळं होतं,
बाळ्याच्या यात्रेत भंडारा उधळावा तसं.
नसेल तर पाणी पाणीच राहतं.

दस्तगीरचं झालं, हळदीत पडल्यागत.
मलकारीचं नाही.
पुन्हा केलं.
नाही.

साहेब म्हणाले, काहींच्या रक्तात जन्मापासूनच
हा गडी धिम्या हाताचा असतो.
मग औषधानं किती नेलं
आणि आईबापानं मुळात किती दिलं होतं?
सांगायचं तर पहिल्या फवारणीआधीचं रक्त पाहिजे.
ते कुणी घेतलंय?
आठ वर्षांपूर्वी मलकारीचं एकच माप घेतलं होतं,
गमबुटाचं.
ते बूट मुकादमाच्या पोराला बसले.

मुकादमानं माझा कागद उन्हाकडं धरला,
हिशेब लगेच लावला :
"म्हंजे ज्याचं पिवळं होतंय त्यालाच ठिवायचं का ओ?"
दस्तगीरनं विडी विझवली.
मला सांगायचं होतं
की पिवळं होणं म्हणजे चिलखत नव्हे,
त्याचंही फिकं होईल, जरा उशिरानं,
की हा कागद मास्कसाठी होता,
माणसं निवडायला नव्हता.
यातलं थोडंच बोलले.
ट्रॅक्टर सुरू झाला होता.

एक गोष्ट फॉर्मवर नाही.
दर खेपेला तुलनेला एक नळी लागते,
ज्यानं कधी पंप धरला नाही अशाची.
या वेळची माझी होती.
साखर पेठेतलं रक्त, मागाच्या खडखडाटात वाढलेलं,
द्राक्षं फक्त गाड्यावर पाहिलेलं.
पाच मिनिटं. दहा.
मी नळी खिडकीशी नेली, उजेडात धरली.

थोरली मावशी आठवली.
लहानसं ऑपरेशन, अर्ध्या तासात उतरेल अशी भूल.
रात्रभर हातानं फुगा दाबून श्वास दिला होता तिला.
घरात अजून म्हणतात, अम्मवारीनं धरून ठेवलं.

रजिस्टरात मलकारीच्या खाली माझा आकडा लिहिला.
अक्षर नेहमीपेक्षा बारीक आलं.

पुढच्या खेपेला तो वेलींत नव्हता.
फवारणीवरून काढून
टाकीशी बसवलाय, काठीनं औषध कालवायला.
रोज शंभर रुपये कमी.
"आता तर पिवळं हुईल न्हवं?"
मी म्हणाले, माझंही झालं नाही.

काठी थांबली.
त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं,
मग गळ्यातला मास्क काढला, मांडीवर झटकला,
माझ्याकडं धरला.
"हिकडं उभारू नका मॅडम.
वारं फिरलंय.
त्या अंगाला जावा."